नव्या ट्रकचालकाने मालवाहतूक कंपनी कशी पारखावी?

नवा_परवाना

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी मला अवजड वाहनाचा परवाना मिळाला. प्रशिक्षणात हवेचे ब्रेक, ट्रेलर जोडणे-सोडणे, अरुंद जागेत गाडी मागे घेणे हे सगळे शिकवले. परंतु जिची गाडी चालवायची ती कंपनी कशी आहे हे कसे ओळखावे, यावर कोणी अर्धा तासही बोलले नाही. सध्या माझ्यासमोर तीन पर्याय आहेत आणि तिघांनाही याच पंधरवड्यात उत्तर द्यायचे आहे.

पहिली कंपनी मोठी, शेकडो गाड्यांची. ती सुरुवातीचे सहा आठवडे अनुभवी चालकासोबत बसवणार आहे. त्या बदल्यात दीड वर्षाचा करार करावा लागेल आणि त्याआधी नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत द्यावा लागेल. दुसरी कंपनी मध्यम, सुमारे चाळीस गाड्यांची. तिचा किलोमीटरमागचा दर पहिलीपेक्षा पाचव्या हिश्शाने जास्त आहे आणि भरतीचे काम पाहणारे गृहस्थ ‘आमचे चालक महिन्याला बारा हजार किलोमीटर सहज करतात’ असे सांगतात. तिसरा प्रस्ताव नोकरीचा नाहीच. गाडी भाडेखरेदीवर घ्यायची, आठवड्याच्या कमाईतून हप्ता कापला जाणार आणि तीन वर्षांनी गाडी माझ्या नावावर होणार.

जाहिरात वाचली की सगळ्याच कंपन्या चांगल्या वाटतात आणि चालकांच्या गप्पांत बसले की सगळ्याच वाईट. मुलाखतीत मी नवखा म्हणून मलाच प्रश्न विचारले जातात. मी उलट काय विचारावे, आणि मिळालेले उत्तर खरे आहे की नाही हे कसे पडताळावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुनी_चाके

तुम्ही दरापासून सुरुवात केली आहे. नवा माणूस तेच करतो, मीही केले होते. दर खोटा नसतो, पण चाके फिरत असतील तेवढ्याच वेळेचा तो दर असतो. आणि ट्रकचालकाच्या आयुष्यातला फार मोठा भाग चाके थांबलेली असताना जातो.

माझी पहिल्या वर्षाची वही अजून माझ्याकडे आहे. त्यातल्या एका आठवड्याचा हिशेब देतो. एकूण ६४ तास मी कामावर होतो. त्यांपैकी चाके फिरली ३७ तास. उरलेल्या २७ तासांपैकी ११ तास दोन गोदामांच्या दारात गाडी भरण्याची आणि खाली करण्याची वाट पाहण्यात गेले, ४ तास ताडपत्री आणि दोर बांधण्यात, ५ तास तपासणी, डिझेल आणि कागदपत्रांत, आणि ७ तास जो ट्रेलर तयार असायला हवा होता तो तयार नव्हता म्हणून. या २७ तासांचे मला काहीही मिळाले नाही, कारण माझा करार निव्वळ किलोमीटरवर होता.

आता तुमच्या दोन कंपन्या या वहीवर बसवून पाहा. चाके फिरण्याच्या दर तासाला पहिली कंपनी १०० एकके देते आणि दुसरी १२० देते असे धरा. दुसरीकडे माझ्यासारखाच आठवडा गेला तर ३७ तासांचे ४,४४० एकके होतील आणि ६४ तासांनी भागले की तासाला सुमारे ६९ पडतील. पहिलीकडे मात्र ट्रेलर आधी भरून ठेवलेले असतील, त्यामुळे चाके ४६ तास फिरत असतील आणि खोळंब्याच्या ८ तासांचे निम्म्या दराने पैसे मिळत असतील, तर ४,६०० अधिक ४०० म्हणजे ५,००० एकके होतात. तासाला सुमारे ७८. कमी दराची कंपनी जास्त देऊन गेली. हे नेहमीच घडेल असे नाही, पण हा भागाकार केल्याशिवाय दोन दरांची तुलना करण्यात अर्थ नाही.

त्यामुळे विचारायचे ते असे: गाडी गोदामात अडकली तर किती तासांनंतर भरपाई सुरू होते, ती ग्राहकाकडून वसूल झाली तरच मिळते की कंपनी स्वतःच्या खिशातून देते, रिकाम्या गाडीच्या किलोमीटरचा दर तोच आहे का, आणि किलोमीटर मोजतात कसे. काही कंपन्या मीटरवरचे अंतर न धरता दोन ठिकाणांमधले तक्त्यातले अंतर धरतात आणि ते प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. ‘बारा हजार सहज’ या वाक्याला एकच उत्तर आहे. नोकरीत ज्याला वर्ष व्हायचे आहे अशा चालकाची लागोपाठ तीन महिन्यांची पगारपत्रके, नाव झाकून, दाखवा म्हणावे. सर्वांत जुन्या चालकाची नकोत आणि एकाच महिन्याची नकोत.

दुसरे म्हणजे आवारात जा, तेही सायंकाळी, गाड्या खेपेवरून परत येतात तेव्हा. फाटकाजवळ उभी केलेली नवी गाडी पाहुण्यांसाठी असते. तुम्ही मागच्या कोपऱ्यातल्या ट्रेलरकडे जा आणि जोडचाकांमधल्या आतल्या टायरवर बोट फिरवा. बाहेरचे टायर सगळेच बदलतात. आतला गुळगुळीत झाला असेल, किंवा दोन टायरांच्या मध्ये दगड अडकून वाळला असेल, तर त्या गाडीखाली बऱ्याच दिवसांत कोणी वाकलेले नाही असे समजा. जर्मनीत टायरच्या खाचेची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. अमेरिकेत ट्रकच्या पुढच्या, म्हणजे वळणाऱ्या चाकांसाठी ती इंचाच्या ४/३२, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर लागते. ब्रेकला हवा पुरवणाऱ्या नळ्या कुठे घासतात ते पाहा. त्यांवर चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर मला तरी पुढचे काही पाहावे लागत नाही. जमल्यास दुरुस्तीच्या तक्रारींची वही मागा, एखादी तक्रार निवडा आणि ती लिहिल्याची तारीख व दुरुस्त झाल्याची तारीख यांत किती अंतर आहे ते मोजा.

रात्रपाळी

मी नऊ वर्षे एका वाहतूक कंपनीत डिस्पॅचर म्हणून, म्हणजे चालकांना खेपा वाटणे आणि ते रस्त्यावर असताना त्यांच्याशी फोनवर बोलणे, असे काम केले, त्यांतली सहा रात्रपाळीला. जुनी_चाके यांनी खोळंब्याचे जे सांगितले त्याला एक जोड द्यावीशी वाटते. खोळंब्यात नुसते पैसे जात नाहीत, कायद्याने दिलेला वेळही जातो. अमेरिकेत मालट्रकचा चालक सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवू शकतो, पण हे ११ तास काम सुरू केल्यापासून १४ तासांच्या आतच बसवावे लागतात, आणि गोदामाच्या दारात घालवलेला वेळ साधारणपणे त्या १४ तासांतूनच वजा होतो. म्हणजे पाच तास अडकलेल्या चालकाकडे गाडी चालवायला नऊच तास उरतात. युरोपीय संघात नियम वेगळे आहेत: साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांचा थांबा आणि दिवसाला ९ तास चालवणे, आठवड्यातून दोनदा ते १० पर्यंत वाढवता येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७९ च्या करारात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास चालवण्याची मर्यादा आहे. तुम्ही जिथे गाडी चालवणार आहात तिथली मर्यादा तोंडपाठ करूनच मुलाखतीला जा.

मात्र ‘तुम्ही तासांचे नियम पाळता का?’ असे विचारू नका. या प्रश्नाला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. त्याऐवजी असे विचारा: ‘चालकाचे तास संपत आले आहेत आणि माल उतरवण्याचे ठिकाण अजून दीडशे किलोमीटर लांब आहे, तर तुम्ही काय करता?’ जिथे हे खरोखर हाताळले जाते तिथले लोक लगेच तपशिलात जातात. ग्राहकाला कोण फोन करते, वेळ कशी बदलून घेतात, जवळ दुसरा चालक असेल तर ट्रेलर त्याच्याकडे कसा देतात, हे ते सांगू लागतात. जिथे हाताळले जात नाही तिथे उत्तर एका वाक्याचे असते: ‘आमचे चालक जमवून घेतात.’ हे ‘जमवून घेतात’ कानावर पडले की सावध व्हा.

एक प्रसंग सांगते. पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी एका नव्या चालकाचा फोन आला की डोळे मिटत आहेत, पुढे जाववत नाही. माझ्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या वरिष्ठांनी हातानेच ‘पुढे जायला सांगा’ अशी खूण केली. मी त्याला गाडी बाजूला घेऊन झोपायला सांगितले. माल पाच तास उशिरा पोहोचला. त्या चालकाला कोणी रागावले नाही, त्याला नोटीसही आली नाही. फक्त पुढचे तीन आठवडे लांब पल्ल्याच्या खेपा वाटताना त्याचे नाव यादीच्या तळाशी राहिले आणि तो कंटाळून स्वतःच निघून गेला. शिक्षा अशी होते आणि तिचा कागद कुठेच सापडत नाही. अमेरिकेत असुरक्षित गाडी चालवण्यास किंवा थकव्यामुळे पुढे जाण्यास नकार देणाऱ्या चालकाला १९८२ च्या कायद्याचे संरक्षण आहे, आणि युरोपीय संघाच्या नियमात तर अंतर किंवा मालाचे प्रमाण यांवर आधारलेला जो मोबदला रस्ता सुरक्षा धोक्यात आणेल तो देण्यासच मनाई आहे. पण यादीच्या तळाशी ढकलणे कायद्यापुढे सिद्ध करायला चालकाची दमछाक होते. म्हणून तिथे काम करणाऱ्या चालकांना विचारा की शेवटचा नकार कोणी दिला होता आणि त्यानंतर महिनाभर त्याला कोणत्या खेपा मिळाल्या.

शक्य असेल तर डिस्पॅचच्या खोलीत अर्धा तास बसू द्यावे अशी विनंती करा. एका माणसाकडे किती चालक आहेत ते विचारा आणि तो फोनवर चालकांशी कसा बोलतो ते नुसते ऐका. भरती करणारा माणूस तुम्हाला सहीनंतर पुन्हा भेटणार नाही. फोनवरचा हा आवाज मात्र रोज भेटेल.

सहा_गाड्या

मी लहान मालक आहे, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो. वरच्या चर्चेवरून कंपनी जितकी मोठी तितकी बरी, असा समज होऊ नये. मी स्वतः आठवड्यातून तीन दिवस गाडी चालवतो, त्यामुळे कोणत्या गोदामात किती वेळ जातो हे मला कोणी सांगावे लागत नाही आणि तिथले काम मी दर वाढवून घेतो किंवा सोडून देतो. हे चारशे गाड्यांच्या कंपनीत एखाद्या चालकाच्या सांगण्यावरून होणार नाही.

तरीही अगदी नव्या चालकाला मी घेत नाही, आणि त्याचे कारण विमा आहे. पुरेसा अनुभव नसलेल्या चालकासाठी विमा कंपन्या जास्त हप्ता मागतात किंवा सरळ नकार देतात. एखादा लहान मालक नव्या माणसाला हसतमुखाने दुसऱ्याच दिवशी चावी देत असेल, तर विम्याच्या कागदावर आपले नाव चढले आहे का हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. अपघात झाल्यावर ते विचारण्यात अर्थ नसतो.

कलमवाचक

मी चालक नाही, वाहतूक व्यवसायातील करार तपासण्याचे काम करतो. तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या पर्यायाबद्दल लिहितो.

दीड वर्षाच्या बंधनात मुळात गैर काही नाही. प्रशिक्षणाला खर्च येतो आणि तो वसूल व्हावा असे कंपनीला वाटणारच. प्रश्न रकमेच्या उताराचा आहे. अठरा महिन्यांत दर महिन्याला अठरावा भाग कमी होत जाणारी रक्कम न्याय्य म्हणता येईल, पण सतराव्या महिन्यातही पूर्ण रक्कम मागणारे कलम म्हणजे बेडी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनीनेच तुम्हाला काढले, किंवा कामच दिले नाही, तर रक्कम माफ होते का, हे करारात शब्दांत लिहिलेले असावे. परवान्याची किंवा कोणत्याही प्रमाणपत्राची मूळ प्रत ‘जमा’ ठेवून घेत असतील तर ती देऊ नका. कपातीचे कलमही वाचा. मालाची तूट, टायरचे नुकसान, दंड यांपैकी काय आणि किती मर्यादेपर्यंत पगारातून कापता येईल हे स्पष्ट नसेल, तर मर्यादा नाही असाच त्याचा अर्थ लावला जातो.

तिसरा पर्याय माझ्या मते पहिल्या वर्षी विचारातही घेऊ नये. गाडी तुमची होणार असे सांगितले जाते, पण काम कोणते मिळेल आणि भाडे किती मिळेल हे तीच कंपनी ठरवते जिला तुम्ही हप्ता देता. एक आठवडा काम मिळाले नाही तरी हप्ता चढतोच. इंजिन किंवा गिअरबॉक्स गेला तर खर्च तुमचा, आणि त्या दिवसांत कमाई शून्य. दोन हप्ते थकले की गाडी परत आणि तोवर भरलेले सगळे बुडाले. अमेरिकेत या प्रकाराची चौकशी करण्यासाठी २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने एक कृतिगट नेमण्याची तरतूद केली आणि त्या गटाने जानेवारी २०२५ च्या अहवालात अशा भाडेखरेदी करारांवर बंदीच घालावी अशी शिफारस केली. ज्याला व्यवसाय करायचाच आहे त्याने दोन-तीन वर्षे दुसऱ्याची गाडी चालवून, दुरुस्तीचा खर्च डोळ्यांनी पाहून, मग ज्याच्याकडून काम घ्यायचे नाही अशा तिसऱ्याच ठिकाणाहून कर्ज काढावे.

पडताळणीबद्दल आणखी एक सांगतो. काही देशांत कंपन्यांची सुरक्षेची नोंद सर्वांसाठी खुली असते. अमेरिकेच्या संघीय संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की गेल्या २४ महिन्यांतील रस्त्यावरच्या तपासण्या, त्यांत किती टक्के गाड्या आणि चालक जागच्या जागी थांबवले गेले, आणि शेजारीच देशाची सरासरी, असे सगळे दिसते. ही टक्केवारी वाचायला हरकत नाही. अपघातांचा आकडा मात्र जपून वाचावा, कारण चूक कोणाची होती हे तो सांगत नाही आणि शेकडो गाड्यांच्या कंपनीचा आकडा वीस गाड्यांच्या कंपनीपेक्षा मोठा असणारच.

नवा_परवाना

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहीत आहे, कारण सांगितलेले करून पाहायला वेळ लागला.

दुसऱ्या कंपनीच्या आवारात सायंकाळी गेलो. मागच्या रांगेतल्या तीन ट्रेलरांपैकी दोघांचे आतले टायर गुळगुळीत होते. एकाच्या हवेच्या नळीला काळी चिकटपट्टी होती, तीही सुटत आलेली. पगारपत्रके मागितल्यावर भरतीच्या गृहस्थांनी एकच पत्रक दाखवले, त्यावर बारा हजारांहून जास्त किलोमीटर होते. पुढच्या दोन महिन्यांची मागितली तेव्हा ‘ती लेखा विभागात आहेत’ असे उत्तर मिळाले. बाहेर चहाच्या वेळी एका चालकाने सांगितले की गेल्या महिन्यात त्याचे साडेसात हजार झाले आणि त्यातही दोन दिवस गाडी फिटरकडे होती. त्या दोन दिवसांचे त्याला काही मिळाले नाही.

पहिल्या कंपनीत रात्रपाळी ताईंचा दीडशे किलोमीटरचा प्रश्न विचारला. डिस्पॅचरने उत्तर देण्याऐवजी खुर्ची फिरवून मला पडदाच दाखवला, ज्यावर प्रत्येक चालकाचे उरलेले तास दिसत होते. एक नाव लाल झाले होते आणि त्या गाडीचा माल दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवण्याची वेळ आधीच बदललेली होती. त्याच्याकडे अठ्ठावीस चालक आहेत. खोळंब्याची भरपाई तिसऱ्या तासापासून मिळते आणि ती ग्राहकाच्या वसुलीवर अवलंबून नाही, हे पगाराच्या नियमावलीत छापलेले आहे. बंधनाची रक्कम मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण आहे. अठरा भागांत उतार द्यावा अशी लेखी विनंती मी केली. त्यांनी सहा-सहा महिन्यांच्या तीन टप्प्यांत ती कमी करण्याची तयारी दाखवली आहे, आणि कंपनीने काढल्यास वसुली नाही हे वाक्य घालायलाही होकार दिला आहे. सुधारित प्रत हातात आल्याशिवाय सही करणार नाही.

भाडेखरेदीवाल्यांना नकार कळवला. त्यानंतर त्यांचे दिवसाला दोन फोन येत आहेत.

जुनी_चाके

तीन टप्पे वाईट नाहीत. आता एकच राहिले: ते सहा आठवडे तुमच्या शेजारी कोण बसणार आहे ते विचारा. काही ठिकाणी ज्याला स्वतःला जेमतेम वर्ष झाले आहे त्यालाच शिकवायला बसवतात, आणि शिकाऊ चालवत असताना तो मागे झोपतो, म्हणजे एका गाडीवर दोन चालकांचे किलोमीटर निघतात. शिकवणाऱ्याची किमान अट किती वर्षांची आहे आणि पहिले काही आठवडे त्याने शेजारच्या आसनावर जागे राहणे बंधनकारक आहे का, हे दोन मुद्दे सुधारित प्रत येण्याआधीच विचारून घ्या. आल्यावर पुन्हा बदल करायला ते कुरकुर करतील.